भरलेली बॅटरी

ट्रॉलरच्या धडकेने चेपलेल्या केबिनमध्ये नीलम वाकून शिरली. बाबांच्या शिडाच्या होडीतला दिवा बंदच होता. तिने मीटर लावून पाहिला. बॅटरी पूर्ण भरलेली होती.

ही एलईडीची पट्टी तिनेच मोटारसायकलच्या दुकानातून स्वस्तात आणून बसवली होती. "बाबा, ही रात्रभर जळली तरी बॅटरी उतरायची नाही. नांगर टाकून झोपलात तरी चालूच ठेवा. खिडकीतला उजेड बघून ट्रॉलरवाले लांबून जातील."

"झोपताना दिवो कित्याक व्हयो?" बाबा म्हणाले होते. उभा जन्म कंदिलाचं रॉकेल पुरवून वापरलेला माणूस तो. ती हसली होती आणि विषय तिथेच सोडला होता.

काल सगळे बाबांना स्मशानात पोचवून आले.

तिने बटण दाबलं. भर दुपारी केबिन पांढऱ्या उजेडाने भरून गेली. बाहेर वाळूत बसलेल्या आईने मान वर केली. रडून रडून तिचा घसा बसला होता.

"बंद कर गो तो दिवो. बॅटरी उतरतली."

नीलमचा हात सवयीने बटणाकडे गेला.