पाठवायचा राहिलेला बदल

केळुसकरांनी नवं टूल हौसेनं चालवून पाहिलं. एकच कमांड दिली आणि लॅपटॉपवर विखुरलेले बेचाळीस प्रोजेक्ट एका यादीत हजर झाले. सगळ्यांपुढे हिरवी खूण होती. फक्त एकापुढे लाल. ‘पाच महिन्यांपूर्वीचा एक बदल सर्व्हरवर पाठवायचा राहिला आहे.’

त्यांनी तो बदल उघडला. तेव्हा वाद झाला होता तो याच दुरुस्तीवरून. “दुरुस्ती मी पाठवली होती, तूच ती पुसलीस,” असं त्यांनी आपल्या टीममधल्या वृषालीला भर मीटिंगमध्ये सुनावलं होतं. “सर, ती आलीच नव्हती,” एवढंच ती म्हणाली होती.

तो बदल गुपचूप पुसायलाही एकच कमांड पुरे होती. केळुसकर लॅपटॉप तसाच उघडा घेऊन वृषालीच्या टेबलाशी गेले.

“काय झालं, सर?”

“मी तुला या दुरुस्तीवरून सुनावलं, त्या मीटिंगला कोण कोण होतं गं? सगळ्यांना बोलाव.”