निम्मी तलफ

मोरेश्वरची दारूची निम्मी तलफ कुमुदच्या मेंदूत घातली, त्याला शंभर दिवस झाले. "मी सोसेन," म्हणत तिने सही केली होती आणि तो खरोखरच माणसात आला होता. आज व्यसनमुक्ती केंद्रात दोघांचा सत्कार होता.

"अगं, आवर ना!"

कुमुद मोरीतून आली ती तोंड पुसतच. मसाल्याच्या डब्यातली लवंग तिने दाढेखाली धरली.

"लवंग कशाला?"

"दाढ दुखतेय हो."

दारूचा वास झाकायला अकरा वर्षं हीच थाप मोरेश्वरने तिला मारली होती.

केंद्रात सांगावं, तर तिच्या वाट्याची तलफ पुन्हा त्याच्याच डोक्यात येणार होती. तो क्षणभर घुटमळला. मग डब्यातल्या आणखी दोन लवंगा काढून त्याने तिच्या तळहातावर ठेवल्या.

"असू देत. स्टेजवर डॉक्टर शेजारीच बसतात."