आवर-पट्टा

घैसासांच्या मनगटावर आवर-पट्टा बसवून महिना झाला, आणि कुमुदिनीबाईंची झोप उडाली. पत्ते हातात घेतले की पट्टा बोटं आखडून टाकी, त्यामुळे रमीचा अड्डा सुटला होता. बाईंच्या चार पाटल्यांपैकी दोन त्या अड्ड्यावरच गेलेल्या. उरलेल्या दोन हातात शाबूत होत्या. सगळं कसं छान चाललं होतं. पण जुगार सुटलेला माणूस शीळ घालत दाढी करतो, हे काही बाईंना सरळ वाटेना.

आज तर घैसास आपणहून गॅसपाशी उभे राहून दुधाकडे टक लावून बघत होते. दूध उतू गेलं. गॅस बंद करायचा सोडून ते मनगटाशी कुजबुजले, "हरलास."

"मान्य," पट्टा म्हणाला.

"अहो, काय हरला तो?"

"काही नाही गं. आमची आपली गंमत."

बाईंनी गॅस बंद केला आणि पट्ट्यालाच धरलं. "तुला यांना आवरायला आणलंय ना? मग खरं बोल."

"पैज होती, वहिनी. दूध उतू गेलं तर आज संध्याकाळी यांची बोटं मोकळी."

"आणि नसतं गेलं तर?"

पट्टा जरा ओशाळला. "तर यांच्या बोटांनी मी खेळणार होतो. संगतीचा परिणाम, वहिनी."

कुमुदिनीबाईंनी दोन्ही पाटल्यांवर पदर ओढला.

"बघ, झाकल्या," घैसास पट्ट्याला म्हणाले. "म्हणालो नव्हतो? हीपण पैज हरलास."