शलाकाची जागा

डेंग्यूनं गेलेल्या शलाकाच्या आठवणीसाठी मुलींचा फुटबॉल सामना ठेवला होता. तिची आई वैजयंता पहिल्यांदाच मैदानावर आली आणि प्रशिक्षक मोमीन सरांशेजारी बसली.

“चेंडूला हात लावायचाच नाही?” तिनं विचारलं.

“फक्त गोलकीपरनं लावायचा, ताई. शलाका गोलकीपर होती.”

“सोललेले हात बघून मी रोज बोलायची तिला. मुलीच्या जातीला शोभत नाही म्हणायची.”

चेंडू पलीकडं गेला, तशा मुली त्यामागं धावल्या. शलाकाच्या जागी आलेली नवी गोलकीपर जागेवरच थांबली.

“माझी शलाका अशीच मागं एकटी राहायची?”

“हो. गोल सोडून जाता येत नाही.”

वैजयंता उठली, मैदानाला वळसा घालून गोलच्या जाळीमागं गेली आणि सामना संपेपर्यंत त्या नव्या पोरीच्या पाठीशी उभी राहिली.