बंद न केलेला डाव

पडद्यावर पिवळी पाटी आली : ‘आधीची सिस्टीम झोपलेली आहे, बंद केलेली नाही. डिस्कमध्ये बदल करता येणार नाही.’

“बाबा, तुम्ही लॅपटॉप बंद करत नाही?” सुनेने विचारलं.

“करतो की. रोज झाकण लावतो.”

भाजी निवडणाऱ्या सासूबाईंना हसू फुटलं. “घरभर यांचे दिवे मी घालवत फिरते. आता त्याच्याही मागे फिरू का?”

सून हसली नाही. सोमवारपासून तिची नवी नोकरी सुरू होत होती, घरून. तिथलं काम दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचं, आणि घरात लॅपटॉप एकच, तोही सासऱ्यांचा. म्हणून एकाच डिस्कवर दोघी नांदवायच्या होत्या. त्यांचे फोटो, कागदपत्रं तिने कालच वेगळीकडे उतरवून घेतली होती, उघडून पाहिलीही होती. आता जुनीची जागा थोडी आवळायची आणि नवीला करून द्यायची, एवढंच. पण त्याआधी जुनीला जागं करून नीट बंद करायला हवं.

तिने जागं केलं. समोर बुद्धिबळाचा पट उघडला.

“अगं, अगं, थांब!” सासरे खुर्चीतून उठलेच. “पंधरवडा झाला त्या डावाला. एक हत्ती जास्त आहे माझा. जन्मात पहिल्यांदा जिंकतोय मी या यंत्राविरुद्ध.”

तिने इकडेतिकडे शोधलं. “यात डाव जपून ठेवायची सोयच नाही, बाबा. बंद केला की गेला.”

“म्हणून तर झाकण लावतो.”

सासरे परत बसले, चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. “कर बंद,” ते म्हणाले. “नोकरीपुढे खेळाचं काय एवढं!”

सून उठली. कपाटावरून लाकडी पट काढला, धूळ झटकली आणि पडद्याकडे बघत एकेक सोंगटी मांडली. काळा उंट सापडेना, तिथे दोऱ्याचं रीळ ठेवलं. मग लॅपटॉप पूर्ण बंद केला, नव्या सिस्टीमच्या पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरू केला, जागेच्या वाटणीचे आकडे दोनदा तपासले, आणि मनातल्या मनात हात जोडून बटण दाबलं. निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली.

“हे संपेपर्यंत वायर काढायची नाही,” ती म्हणाली. “तोवर यंत्राच्या जागी मी. चाल कोणाची?”

“तुझी. येतं का तुला?”

“येतं थोडंफार.”

तिने वजीर उचलला आणि सरळ त्यांच्या घोड्याच्या तोंडी दिला. सासऱ्यांनी तो घेतला नाही. अलगद उचलून आधीच्या घरात परत ठेवला.

“सूट नको. त्याने कधी दिली नव्हती. नीट खेळ.”

सून ओशाळली. मग खुर्ची पुढे ओढून, कोपरं टेकून बसली. एकेक करत सोंगट्या पटाबाहेर जमू लागल्या.

“दोघांची ताटं पटावरच वाढू का?” सासूबाईंनी विचारलं.

“शह, बाबा.”

सासऱ्यांनी पाहिलं. तिच्या घोड्याने एकाच उडीत राजाला शह दिला होता आणि हत्तीवरही डोळा ठेवला होता. राजा सरकला, हत्ती गेला. जास्तीचा म्हणून मिरवलेला तोच.

“अगं, तुझी पट्टी भरली बघ,” सासूबाई म्हणाल्या. “‘काम पूर्ण’ लिहून आलंय.”

“हो, आई,” सून म्हणाली, मान वर न करता. थोड्या वेळाने तिने रीळ दोन बोटांनी पुढे सरकवलं. “मात.”

सासरे पटावर वाकले. राजाला इकडून नेऊन पाहिलं, तिकडून नेऊन पाहिलं. जागा नव्हती.

ते उठले, खिडकी सताड उघडली आणि समोर कुंड्यांना पाणी घालणाऱ्या शेजाऱ्यांना गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“अहो, ऐकलंत का! आमच्या सुनेनं मला हरवलं!”