आयाळीमागचा हात

ब्रश लागला मात्र, सिंहाच्या नाकावरची खपली तिच्या तळहातावर आली. तिने ती डबीत ठेवली आणि उगाचच त्याला सॉरी म्हणाली. वाचनालयाच्या पायऱ्यांवरचा हा दगडी सिंह तिच्या लहानपणी कसा लखलखायचा. चाळीस वर्षांपूर्वी बाबांनीच त्याला राळेचा लेप दिला होता. त्यानंतर आठवडाभर बाबा स्वतःच घरात सिंहासारखे वावरत होते, हे आठवून तिला आजही हसू यायचं.

आता त्या लेपाखाली ओल कोंडली होती आणि दगडाचे पापुद्रे सुटत होते, अशी तिला शंका होती. पण पुरावा नव्हता. लेप देताना तळहाताएवढी जागा कोरी सोडायची, म्हणजे पुढच्याला फरक कळतो, हा या कामातला जुना रिवाज. बाबांच्या नोंदवहीत अशा जागेचा उल्लेखच नव्हता. तुमच्या वडिलांना स्वतःवर भारीच भरवसा, असं तिच्या खात्यातले साहेब म्हणाले होते. तिला ते लागलं, पण पुरावा नसणं पथ्यावरही पडलं. अहवालात तिने कारण लिहिलं, वाहनांचा धूर. बाबा ऐंशीच्या घरातले. त्यांच्या सगळ्यात लाडक्या कामावर फुली मारायला तिचं मन धजेना.

दुपारी आयाळीमागची काजळी पुसताना तिचा बोळा थांबला. तिथे लेप नव्हता. पाच बोटांचा एवढासा पंजा उमटला होता, आणि तेवढाच दगड खणखणीत होता. धूर तर तिथेही पोचला होता.

ती सहा वर्षांची असताना बाबांनी पुठ्ठ्यावर तिचा हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती. पंजा कापून खिशात घातला तो परत दिलाच नाही. ती दोन दिवस रुसून बसली होती. आता परांचीवर बसून तिला रडूच आलं.

संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं, आयाळीमागे माझा हात सापडला.

"त्याखालचा दगड कसा आहे?"

"शाबूत आहे, बाबा."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग बाकीचा माझ्या लेपानेच खाल्ला, तसंच लिही, म्हणाले. एवढं होतं तर ती जागा नोंदवहीत का नाही लिहिलीत, तिने विचारलं.

"लेपावरची शंका लिहायची छाती झाली नाही गं. म्हटलं, चूक दाखवायची वेळ आलीच, तर दाखवणारा हात निदान घरचा असावा."