ताब्याची तारीख

शिंप्याने दारात चपला काढल्या आणि आत येऊन तो खुर्चीच्या कडेवर टेकला. घर त्याने विकत घेतलं होतं, पण त्यात ऐसपैस बसायची त्याला अजून सवय नव्हती.

"मावशी, आज एकतीस तारीख," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," पलंगावरून म्हातारी म्हणाली. "आजारी आहे मी, वेडी नाही झाले."

तिचा मुलगा तिच्या पायथ्याशी दोरीने बांधलेल्या खोक्यावर बसला होता. तो शाळेची बस चालवायचा. दुपारची फेरी आज त्याने दुसऱ्याच्या गळ्यात मारली होती.

खरेदीखत होऊन चार महिने झाले होते. आलेले पैसे हॉस्पिटलने केव्हाच गिळले होते. राहिला होता तो फक्त ताबा. खतातलं एक कलम म्हातारीने वकिलाच्या मागे लागून घालून घेतलं होतं: ताबा देईपर्यंतची घरपट्टी विकणाऱ्याची, त्यानंतरची घेणाऱ्याची, आणि सहामाही सुरू होते त्या पहिल्या तारखेला घर ज्याच्या ताब्यात असेल, त्याने सहाच्या सहा महिन्यांची भरायची. चौतीस वर्षं ती करवसुलीच्या खिडकीत बसली होती. घर विकून झालं की खिडकीशी येऊन एकमेकांकडे बोट दाखवणारी माणसं तिने ढिगाने पाहिली होती. आपल्या घराची तशी शोभा होऊ नये, एवढंच तिला हवं होतं. डॉक्टर तेव्हा दोन महिने म्हणाले होते, त्यामुळे उद्या सुरू होणाऱ्या सहामाहीची ही पहिली तारीख आपल्यावर येईल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"माझीच मुदत उलटली," ती म्हणाली. "वर गेल्यावर दंडासकट वसूल करतील."

शिंप्याला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घालवलं.

मुलाने दोन गल्ल्या सोडून भाड्याची खोली घेतली होती, तिसऱ्या मजल्यावर. आणि आज सकाळी डॉक्टर त्याला बाहेर बोलावून सांगून गेले होते की आता हलवू नका, जिन्यातच जातील. आईला हे सांगायची त्याची छाती झाली नव्हती. तिने तरी सबंध आजारपणात एकच गोष्ट मागितली होती. आपल्या घरात मरायचं.

"आठ-दहा दिवस द्या," तो शिंप्याला म्हणाला. "सहा महिन्यांची पट्टी मी भरतो."

"कशातून?" आईने विचारलं.

मुलगा खोक्याची दोरी चाचपत राहिला.

शिंपी वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. त्याच्याकडे एका खोलीत पाच माणसं होती, मशीन दारात होतं आणि कर्जाचा हप्ता सुरू झाला होता. तो बरोबर आणलेल्या फाइलचा कोपरा दुमडत बसला. मग त्याने ताबापावती काढली. तारखेची जागा कोरी होती.

"आजची तारीख घालतो," तो म्हणाला. "ताबा मिळाला म्हणून. पट्टी मी भरेन. मावशी राहू देत की इथेच, मी कुठं घाई करतोय?"

मुलाचा जीव भांड्यात पडला. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि आईच्या पाठीला उशी लावून तिला बसतं केलं.

म्हातारीने पावती पहिल्या ओळीपासून वाचली. वाचल्याशिवाय सही करणं तिला जन्मात जमलं नव्हतं. सही मात्र वाकडी आली.

"किल्ल्या दे त्यांना," ती मुलाला म्हणाली.

"किल्ल्या कशाला मावशी, राहू द्या तुमच्याकडेच," शिंपी म्हणाला.

"किल्ल्या दिल्या नाहीत तर तो ताबा कसला? असले कागद मी खिडकीतून परत करायचे."

मुलाने किल्ल्या शिंप्याच्या हातात दिल्या. त्याला त्या कुठे ठेवाव्यात ते कळेना. शेवटी त्याने त्या खिशात टाकल्या आणि खिशावर हात ठेवून बसला.

"आता कुठे जायचं नाही, आई," मुलगा म्हणाला. "इथेच राहायचं."

ती छताकडे बघत राहिली, मग समोरच्या भिंतीकडे. पलंगाच्या बाहेर आलेला पाय तिने हळूच आत ओढून घेतला, पाहुण्यांच्या घरी घेतात तसा.

दुपार तापली होती. तिच्या कपाळावर घाम साचलेला पाहून मुलगा बटणाकडे गेला.

"थांब," ती म्हणाली. तिने मान शिंप्याकडे वळवली.

"मास्तर, पंखा लावला तर चालेल?"